भिंतीवरच्या तसबिरींवरून माहितीपट ठरवू नका

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. फिल्म सोसायटीत तुम्ही 'उरी हाक्क्यो' म्हणजे 'आमची शाळा' हा २००६ चा माहितीपट दाखवलात. जपानमधल्या सप्पोरो शहरातल्या कोरियन शाळेवरचा. खेळ संपल्यावर अर्धे सभासद डोळे पुसत होते आणि उरलेले म्हणत होते की हा सरळ सरळ उत्तर कोरियाचा प्रचार आहे. वर्गात किम इल-सुंग आणि किम जोंग-इल या उत्तर कोरियाच्या नेत्यांच्या तसबिरी, शेवटच्या वर्षाची सहल प्योंगयांगला, आणि तरी दिग्दर्शक एकही अवघड प्रश्न विचारत नाही. मग हा माहितीपट म्हणायचा की प्रचारपट, आणि याच विषयावर पुढे काय दाखवावं?

मी माहितीपटांचं संकलन करतो, शिकवतो आणि महोत्सवांसाठी निवडही करतो. हे चित्रपट मी वर्गात पुन्हा पुन्हा लावले आहेत. माझं उत्तर आधीच सांगतो. तो प्रचारपट नाही. पण तो मुलांच्या बाजूने उभा आहे आणि ते लपवत नाही. एकटा पाहिला तर तो अपुरा आहे. त्याची खरी जोड आहे जपानमध्ये जन्मलेल्या कोरियन दिग्दर्शिका यांग योंग-ही यांचे माहितीपट, कारण पहिल्याला जे दाखवता आलं नाही ते त्यांच्या घरातच घडलं होतं.

आधी त्या तसबिरींचा हिशोब. तो समजल्याशिवाय यातला एकही चित्रपट नीट वाचता येत नाही, आणि चित्रपट तो फारसा समजावत नाहीत. त्यांचा मूळ प्रेक्षक तो जाणतो असं ते धरून चालतात.

१९४५ मध्ये जपान हरला तेव्हा तिथे सुमारे वीस लाख कोरियन होते. काही पोटासाठी गेलेले, काही सक्तीने खाणीत आणि कारखान्यात नेलेले. बहुतेक परतले, सहा लाखांच्या आसपास राहिले. कोरिया जपानची वसाहत असताना मुलांची भाषा शाळेतून हद्दपार झाली होती, नावंही जपानी करून घेतली होती. म्हणून मागे राहिलेल्यांनी पहिलं काम काय केलं, तर मिळेल त्या जागेत भाषेचे वर्ग सुरू केले. वर्षभरात देशभर शेकडो शाळा झाल्या. १९४८ च्या जानेवारीत जपानच्या शिक्षण खात्याने हुकूम काढला की या मुलांनी जपानी शाळांच्या चौकटीतच शिकावं. एप्रिलमध्ये कोबे आणि ओसाकात लोक रस्त्यावर उतरले. कोबेत अमेरिकी सैन्याने आणीबाणी जाहीर केली. जपानवरच्या अमेरिकी ताब्याच्या काळात अशी आणीबाणी फक्त तिथेच पुकारली गेली. ओसाकात पोलिसांच्या गोळीने किम थे-इल हा सोळा वर्षांचा मुलगा मेला. पुढच्याच वर्षी शाळा बंद करण्याचा हुकूम निघाला. १९५२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोचा तह अमलात आला आणि या सगळ्यांचं जपानी नागरिकत्व एका फटक्यात गेलं.

मग १९५५ मध्ये उत्तर कोरियाशी बांधलेली छोंगर्यन ही संघटना उभी राहिली आणि १९५७ मध्ये प्योंगयांगहून शिक्षणासाठी पहिला निधी आला, सुमारे बारा कोटी येन. स्वतः युद्धातून नुकत्याच उठलेल्या देशाने पाठवलेला. दक्षिणेतलं सिंगमन री यांचं सरकार या शाळांकडे फिरकलं नाही आणि जपान सरकारने तर त्या मोडल्याच होत्या. यात गंमत अशी की या समाजातले बहुसंख्य लोक मुळात दक्षिणेकडच्या प्रांतांतले, त्यातही ओसाकातले पुष्कळसे जेजू बेटावरचे. ज्या उत्तरेत त्यांनी कधी पाऊल टाकलं नव्हतं, त्या उत्तरेने त्यांच्या मुलांची फी भरली. वर्गातल्या तसबिरी तिथून आल्या. आज त्या शाळांत दक्षिण कोरियाचा पासपोर्ट असलेली मुलं मोठ्या संख्येने आहेत, तरी ते ऋण विसरणं म्हातारी माणसं विश्वासघात समजतात. हे पटो न पटो, प्रेक्षकाला माहीत हवंच.

आता 'उरी हाक्क्यो'. दिग्दर्शक किम म्योंग-जुन दक्षिण कोरियाचे. या शाळांवर चित्रपट करण्याचं स्वप्न मुळात त्यांच्या पत्नीचं होतं. छो उन-र्योंग या स्वतः दिग्दर्शिका, आणि तयारी चालू असतानाच २००३ मध्ये अपघातात त्या गेल्या. किम छायाचित्रकार होते. पत्नीचं काम हातात घेऊन ते सप्पोरोला गेले, शाळेतच राहिले, मुलांसोबत जेवले आणि शेकडो तासांचं चित्रण केलं. होक्काइदो बेटावरची ही एकमेव कोरियन शाळा. पहिलीपासून बारावीपर्यंतची मुलं एकाच इमारतीत, दूरची मुलं वसतिगृहात. संकलक म्हणून मला त्यातली सर्वांत मोठी गोष्ट दिसते ती वेळ. आठवड्याभरासाठी आलेल्या पथकाला मुलं हसून दाखवतात. हिवाळे उलटून गेलेल्या माणसासमोर ती कंटाळतात, चिडतात, फुटबॉलचा सामना हरून मैदानावर ढसाढसा रडतात. एक जपानी क्रीडाशिक्षक त्या शाळेत कोरियन शिकत शिकत शिकवतो. त्याच्यावर दिग्दर्शकाने जो वेळ घालवला आहे तो मला फार मोलाचा वाटतो, कारण त्याच्यामुळे 'जपानी विरुद्ध कोरियन' ही सोपी मांडणी मोडते.

तुमच्या सभासदांना खटकलेली प्योंगयांगची सहल पुन्हा नीट पाहा. दक्षिण कोरियाच्या नागरिकाला उत्तरेत जायची मुभा नाही, त्यामुळे दिग्दर्शक बंदरावरच थांबतो आणि कॅमेरा मुलांच्या हातात देतो. ते सगळं चित्रण मुलांनी केलेलं आहे. हलतं, वेडंवाकडं, उत्साहाने भरलेलं. दिग्दर्शकाने स्वतः ते केलं असतं तर 'ही टीका का नाही' हा प्रश्न रास्त होता. इथे प्रश्न वेगळा आहे. सतरा वर्षांच्या मुलाला आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या देशात नुसतं कोरियन असल्याबद्दल मिठ्या मिळतात, तेव्हा तो काय टिपणार? आणि परतीच्या बंदरावर त्याच मुलांसमोर घोषणा देणारे उजव्या गटांचे लोक उभे असतात. हे दोन्ही एकाच प्रवासात येतं. २००२ मध्ये जपानी नागरिकांना पळवून नेल्याचं उत्तर कोरियाने कबूल केलं, त्यानंतर या शाळांतल्या मुलींचे पारंपरिक पोशाख फाडणं, धमक्या देणं, थुंकणं वाढलं होतं. असे प्रकार नव्वदच्या दशकातही होत, म्हणून येता-जाता घालायला बऱ्याच शाळांनी साधा ब्लेझरचा गणवेश आणला होता. मुलांनी पळवापळवी केली नव्हती. शिक्षा मात्र त्यांना मिळत होती.

तरीही तुमच्या टीकाकार सभासदांचा एक मुद्दा मी पूर्ण मान्य करतो. चित्रपटात शाळा सोडून गेलेली मुलं नाहीत. 'आपण मुलीला तिथे का घालायचं' म्हणून भांडणारे आईबाप नाहीत. उत्तरेत गेलेल्या नातेवाइकांचं काय झालं, हे कोणी विचारत नाही. दक्षिण कोरियात हा चित्रपट गावोगावी, देवळांत, चर्चमध्ये, कामगार संघटनांत दाखवला गेला आणि प्रेक्षकांनी या मुलांना 'आपण हरवलेली निरागसता' म्हणून कवटाळलं. माझ्या मते ते प्रेम खरं होतं, पण त्यात मुलांवर ओझंही होतं. कुणाच्या तरी हरवलेल्या निरागसतेची राखण करणं हे मुलांचं काम नव्हे. हे चर्चेत बोला. बुसान महोत्सवात त्या वर्षी या चित्रपटाला उत्कृष्ट कोरियन माहितीपटाचा मान मिळाला, तेवढ्याने ही अडचण मिटत नाही.

इथेच यांग योंग-ही येतात. जन्म १९६४, ओसाका. वडील जेजूचे, छोंगर्यनचे वरिष्ठ पदाधिकारी. त्या स्वतः याच शाळांत शिकल्या, पुढे टोकियोतल्या संघटनेच्याच विद्यापीठात गेल्या. म्हणजे 'उरी हाक्क्यो'मधल्या मुलीच त्या, फक्त एक पिढी आधीच्या. १९५९ ते १९८४ या काळात 'मायदेशी परतणी'च्या नावाखाली सुमारे ९३,००० माणसं जपानमधून उत्तर कोरियात गेली. जपान सरकार आणि रेडक्रॉसने हे घडवायला हातभार लावला, वृत्तपत्रांनी कौतुक केलं. यांग यांचे तिन्ही थोरले भाऊ १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला वडिलांनीच त्या जहाजावर चढवले. त्या तेव्हा लहान होत्या.

'डिअर प्योंगयांग' (२००५) हा वडिलांवरचा चित्रपट. गंजिफ्रॉकमध्ये बसलेला, बायकोची थट्टा करणारा, लेकीला 'लग्न कर' म्हणून छळणारा बाप. आणि तोच बाप प्योंगयांगमध्ये पदकं लावून निष्ठेचं भाषण करतो. घरात कॅमेरा लेकीच्या हातात असल्यामुळे दोन्ही माणसं एकाच देहात दिसतात. आई वर्षानुवर्षं पोरांसाठी खोकी भरते, औषधं, पेन्सिली, थंडीत हाताला ऊब देणाऱ्या पुड्या. विचारसरणी चूक की बरोबर यावर चित्रपट व्याख्यान देत नाही. ती खोकी पाहून प्रेक्षकाला कळतं की पाठवलेल्या मुलांच्या घरात काय नाही. शेवटाकडे वडील कबूल करतात की मुलांना पाठवायला नको होतं, आणि लेकीला दक्षिणेचं नागरिकत्व घ्यायला हरकत नाही म्हणतात. आयुष्यभर त्याच्या उलट बोललेला माणूस. मी वर्गात हा प्रसंग लावतो तेव्हा मुलांना एवढंच सांगतो की प्रश्न कोण विचारतंय ते ऐका. पत्रकाराला हे उत्तर कधीही मिळालं नसतं.

या चित्रपटाला २००६ मध्ये सनडान्स आणि बर्लिन या दोन्ही महोत्सवांत पुरस्कार मिळाले आणि उत्तर कोरियाने यांग यांना प्रवेशबंदी केली. भाऊ तिकडे, त्या इकडे. 'सोना, द अदर मायसेल्फ' (२००९) हा प्योंगयांगमध्ये वाढणाऱ्या भाचीवरचा, आधी जमवलेल्या चित्रणातून उभा केलेला. त्यात भाची आत्याला विचारते की तू बाहेरच्या जगात कुठली नाटकं पाहिलीस, आणि त्या आधी कॅमेरा बंद करायला सांगते. पुढचं संभाषण आपल्याला काळ्या पडद्यावरच्या अक्षरांतून कळतं. काय दाखवू नये याचा याहून चांगला धडा मी कुठल्या पाठ्यपुस्तकात वाचलेला नाही.

तिसरा 'सूप अँड आयडिऑलॉजी' (२०२१). जोडीला एकच दाखवणं शक्य असेल तर हा दाखवा. आई म्हातारी झाली आहे, वडील गेले आहेत, यांग एका जपानी माणसाशी लग्न करतात. ज्या घरात 'जावई जपानी नको' हा दंडक होता, तिथे सासू त्याला कोंबडीच्या पोटात ढीगभर लसूण भरून रस्सा करायला शिकवते. आणि तीच आई आयुष्यात पहिल्यांदा सांगते की १९४८ मध्ये अठराव्या वर्षी ती जेजू बेटावर होती. तिथल्या उठावानंतर दक्षिणेच्या सरकारी फौजांनी आणि त्यांच्या साथीदारांनी केलेल्या हत्याकांडात बेटावरची पंचवीस ते तीस हजार माणसं गेली, तिचा वाग्दत्त पतीही गेला, आणि ती धाकट्या भावंडांना घेऊन पळाली. इतकी वर्षं लेकीला कळत नव्हतं की आई दक्षिण कोरियाचा एवढा तिटकारा का करते, पोटची तीन मुलं उत्तरेला का देऊन बसली. उत्तर मिळतं तेव्हा आईच्या स्मृतीला डिमेन्शियाने पोखरायला सुरुवात केलेली असते. याच चित्रपटात घरातल्या भिंतीवरच्या नेत्यांच्या तसबिरी खाली उतरवल्या जातात. तुमच्या ज्या सभासदाला सप्पोरोच्या वर्गातल्या तसबिरी खटकल्या, त्याने हा प्रसंग जरूर पाहावा. तसबीर लागते कशी आणि उतरते कशी, त्यात एका बाईचं अख्खं आयुष्य कसं जातं, हे तिथे दिसतं.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. ओसाकाच्या कोरियन हायस्कूलच्या रग्बी संघावरचा आणि जपानमध्ये राहिलेल्या त्या सहा लाख कोरियनांचा आकडाच नावात घेतलेला चित्रपट आहे: 'सहा लाख ट्राय' (२०१३; रग्बीत 'ट्राय' म्हणजे चेंडू टेकवून मिळवलेले गुण), दिग्दर्शक पाक सा-यू आणि पाक तोन-सा. याच शाळेचा संघ २००९ आणि २०१० अशा लागोपाठच्या हंगामांत हानाझोनो मैदानावरच्या हायस्कूल रग्बीच्या राष्ट्रीय स्पर्धेत उपांत्य फेरीपर्यंत गेला होता. कोरियन शाळांना देशपातळीवरच्या आंतरशालेय क्रीडास्पर्धांची दारं उघडली तीच १९९४ मध्ये, हे लक्षात घेतलं की मैदानावरच्या प्रत्येक धडकेचं वजन कळतं. तरुण प्रेक्षक असतील तर सुरुवात इथून करा. टोकियोच्या शाळेच्या मुष्टियुद्ध संघावरचा ली इल-हा यांचा चित्रपटही त्याच घराण्यातला. त्यातली मुलं जिंकली तरी रडतात, हरली तरी रडतात. खेळाच्या चित्रपटांचा धोका एकच असतो, शेवटचा सामना सगळे प्रश्न गिळून टाकतो.

आणि प्रश्न मिटलेले नाहीत. २०१० मध्ये जपानने हायस्कूलची फी सरकारतर्फे भरायचा निर्णय घेतला. इतर परदेशी शाळांना तो लाभ मिळाला, कोरियन शाळांची फाइल लटकली, आणि २०१३ च्या फेब्रुवारीत नियमच बदलून त्यांना बाहेर काढलं. ओसाका, नागोया, हिरोशिमा, फुकुओका आणि टोकियो अशा पाच ठिकाणी खटले झाले. २०१७ च्या जुलैत ओसाकाच्या जिल्हा न्यायालयात शाळा जिंकली, पण वरच्या न्यायालयात तो निकाल उलटला, आणि २०२१ पर्यंत सर्वोच्च न्यायालयात सगळीकडे हार झाली. किम जी-उन आणि किम दो-ही यांचा 'छाब्योल', म्हणजे भेदभाव, हा माहितीपट याच लढ्यावर आहे. कायद्याची कागदपत्रं पडद्यावर जिवंत करणं अवघड असतं, आणि तो काही ठिकाणी जड होतो. तरी वकील, शिक्षक, आया यांचा थकवा त्यात खरा उतरला आहे.

एका चित्रणाबद्दल सावध करतो. ४ डिसेंबर २००९ रोजी क्योटोतल्या कोरियन प्राथमिक शाळेच्या फाटकाबाहेर झाइतोकुकाई या कोरियनविरोधी उजव्या गटाचे लोक कर्णे घेऊन आले आणि आत लहान मुलं असताना शिव्या आणि धमक्या ओरडत राहिले. निमित्त होतं शाळेला स्वतःचं मैदान नसल्यामुळे ती शेजारची बाग वापरते याचं. या हल्ल्याचं जे चित्रण जगभर फिरलं ते हल्लेखोरांनी स्वतः केलेलं आणि स्वतःच इंटरनेटवर टाकलेलं. २०१३ मध्ये क्योटोच्या न्यायालयाने सुमारे १ कोटी २२ लाख येनची भरपाई ठोठावली आणि हे वंशभेदाचं कृत्य म्हटलं. पण पडद्यावर ते चित्रण लागलं की आपण हल्लेखोराच्या खांद्यामागून बघत असतो. ज्या चित्रपटात ते सलग मिनिटभर चालतं, तिथे मी संकलकाला विचारतो की भिंतीच्या आतल्या मुलांचा कॅमेरा कुठे आहे? कार्यक्रमात असा भाग असेल तर आधी सांगा, आणि जाहिरातीच्या तुकड्यात तो कधीही वापरू नका.

जुनं काही हवं असेल तर नागिसा ओशिमा यांचा १९६३ चा दूरचित्रवाणीसाठी केलेला 'विसरलेले शाही सैनिक' मिळवा. जपानसाठी लढून हातपाय, डोळे गमावलेले कोरियन, आणि नागरिकत्व गेल्यामुळे नाकारलेलं निवृत्तिवेतन. अर्ध्या तासापेक्षा कमी लांबीचा आहे, शाळेवरचा नाही, पण या शाळांची गरज कुठल्या देशात पडली ते तो दाखवतो. आणि तो एका जपानी दिग्दर्शकाने जपान्यांना जाब विचारण्यासाठी केला आहे.

जपानबाहेरचं पाहायचं तर किम सो-योंग यांची मध्य आशियावरची त्रयी आहे. १९३७ मध्ये स्टालिनने सोव्हिएत अतिपूर्वेतले सुमारे १,७२,००० कोरियन आगगाडीच्या डब्यांत भरून कझाकस्तान आणि उझबेकिस्तानात नेऊन टाकले. तिथे भाषा शाळेतून गेली आणि रंगभूमीवर टिकली. १९३२ मध्ये व्लादिवोस्तोकला सुरू झालेलं कोर्यो थिएटर आजही कझाकस्तानात उभं आहे. त्यावरचा 'साउंड ऑफ नोमॅड: कोर्यो आरिरांग' (२०१६) दाखवाच. दोन गायिका-अभिनेत्री, गवताळ प्रदेशात सामूहिक शेतांवर हिंडून केलेले प्रयोग. चीनमधल्या यानबियन या कोरियन स्वायत्त विभागातल्या शाळा सरकारी चौकटीतल्या, त्यामुळे तिथला कॅमेरा वेगळ्या परवानगीवर चालतो. तो विषय या मालिकेत कोंबू नका.

क्रम मी असा ठेवीन. पहिल्या बैठकीत रग्बीचा चित्रपट. दुसऱ्या बैठकीत 'उरी हाक्क्यो' पुन्हा, या वेळी आधी दहा मिनिटं १९४५ ते १९५७ चा इतिहास सांगून. तिसऱ्या बैठकीत 'डिअर प्योंगयांग', आणि चौथ्यात 'सूप अँड आयडिऑलॉजी'. 'सोना' लांबीने लहान आहे, तो तिसऱ्यासोबत एका दुपारी बसतो. आपल्याकडचे तरुण प्रेक्षक कोरियन मालिका पाहून सोलची बोली कानाने ओळखू लागले आहेत. सप्पोरोच्या मुलांची कोरियन त्यांना वेगळी लागेल, आणि वसतिगृहात ती मुलं मधेच जपानीत घसरतात तेही ऐकू येईल. उपशीर्षकांत हा फरक दिसत नाही, म्हणून आधी सांगून ठेवा.

चर्चा चालवणाऱ्याने 'उत्तर की दक्षिण' यावर मतदान होऊ देऊ नये. त्याऐवजी प्रत्येक चित्रपटानंतर तीन गोष्टी विचारा: कॅमेरा कुणाच्या हातात आहे, तो कुठे जाऊ शकला नाही, आणि ज्यांचं चित्रण झालं त्यांना याची किंमत काय पडली. यांग यांना भावांची भेट गमवावी लागली. सप्पोरोच्या मुलांचे चेहरे अशा देशात पडद्यावर आले जिथे शाळेची ओळख रस्त्यावर लपवावी लागते. प्रचाराचा प्रश्न याच चर्चेत आपोआप येईल आणि तेव्हा त्याच्याशी बोलायला लोकांकडे काही असेल.

शेवटी परवानगीचं. इंटरनेटवर यातल्या काहींच्या चोरट्या प्रती फिरतात, त्या दाखवू नका. हे चित्रपट लहान पैशांवर बनले आहेत आणि 'उरी हाक्क्यो' तर छोट्या गटांच्या खेळांवरच जगला, त्यामुळे फिल्म सोसायटीची विनंती निर्मात्यांना नवी नाही. तारीख, अपेक्षित प्रेक्षकसंख्या आणि तिकीट आहे की नाही हे स्पष्ट लिहून किमान दोन महिने आधी पत्र पाठवा, आणि इंग्रजी उपशीर्षकांची प्रत मिळेल का ते त्याच पत्रात विचारा.